घारीचे डोळे कोणी पाहिले?

सत्याण्णव सालचं उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, सरून दोन दिवस झाले होते. सुरतेच्या डिंडोलीतल्या अगाश्यांवर मांजाचे गुंते अजून तसेच पडलेले होते, विजेच्या तारांवर फाटके पतंग लोंबत होते. रंजना वाळत घातलेली चादर काढायला वर आली, तेव्हा टीव्हीच्या अँटेन्याला काहीतरी काळं लटकलेलं दिसलं. तिला वाटलं, पतंगच आहे.

मग त्या पतंगानं मान वळवली.

"अगं बाई... घार! अहो, कोणी आहे का? अहो!"

कोणाला हाक मारतोय ते तिलाही ठाऊक नव्हतं. पण शेजारच्या अगाशीवरून एक उंच, हडकुळा माणूस कमरेएवढा कठडा ओलांडून आला. लूमच्या कारखान्यातून रात्रपाळी करून नुकताच आलेला असावा. केसांत धाग्याची पांढरी लव, डोळे जागरणानं तांबारलेले.

"थांबा! ओढू नका."

"मी कुठं ओढतेय? मी तर हातसुद्धा लावला नाही."

"हो का... मग ठीक." तो जरा वरमला. "सवय लागलीय. कारखान्यात नवा माणूस आला की पहिलं हेच शिकवावं लागतं. तार गुंतली तर ओढायची नाही. आधी टोक शोधायचं. ती चादर द्या."

"ही? ही बाबांची आहे."

"धुऊन देतो."

त्यानं चादर घारीच्या डोक्यावर टाकली. अंधार होताच ती गप्प झाली. "इथं धरा. घट्ट नाही, नुसतं धरा." रंजनानं धरलं. त्यानं खिशातून तारा ओवायचा बारीक हूक काढला, छोटी कातर काढली आणि उकिडवा बसला. एकेक फेरा सोडवायचा, जिथं सुटत नाही तिथंच कापायचा. पाव तास गेला असेल. चादरीखाली एक इवलासा जीव धडधडत होता आणि त्या धडधडीनं रंजनाच्या हाताला मुंग्या आल्या होत्या.

"पंख कापलाय," तो म्हणाला. "हाड शाबूत दिसतंय. पांजरापोळात दाखवून आणतो. मी लोटू. म्हणजे लोटन. धुरपदाआत्याकडं राहतो. दिवाळीनंतर आलो शिंदखेड्याहून."

"माहीत आहे."

"माहीत आहे? कसं काय?"

रंजनानं जीभ चावली. "आत्याबाई सांगतात... सगळ्यांना."

"एक विचारू का? राग नका मानू. तुम्ही माझ्याशी बोलताय, की माझ्या चपलेशी?"

खरंच, आल्यापासून तिनं मान वर केलीच नव्हती. त्याच्या निळ्या रबरी चपलेचा अंगठा तुटला होता आणि तो साडीच्या लेसच्या तुकड्यानं बांधलेला होता. तिला हसू फुटलं. पण मान खालीच.

"चपलेशीच. विचारत होते तिला, अशी किती दिवस टिकशील म्हणून."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मालक टोक शोधतोय."

तो मोठ्यानं हसला. रंजना चादर न घेताच जिना उतरली.

मान खाली ठेवायची सवय तिला लाजेनं लागली नव्हती. ती लावलेली होती.

रंजनाचे डोळे घारे होते. घरात वडील बन्सीलाल यांचे काळे, आई सरलाबाईंचे काळे, आणि हिचे कुठून आले कोण जाणे. लहानपणी गल्लीतली पोरं 'घारी' म्हणून हाक मारायची, ती निदान हाक होती. मोठेपणी तो शब्द दबक्या आवाजात आला. घारे म्हणजे घारीसारखे, आणि घार म्हणजे झडप घालणारी. घाऱ्या माणसाचा भरवसा नाही, घारी सून घरात आली की सासूच्या ताटातलं उचलते. असं काय काय लोक बोलायचे. नंदुरबारचं स्थळ त्यावर गेलं, दोंडाईच्याचं त्यावर गेलं. दोन्ही वेळा निरोप एकच होता. पोरगी चांगली आहे, गळा गोड आहे, कामाची आहे, पण...

तेव्हापासून सरलाबाईंनी एक युक्ती काढली होती. "डोया खाले ठेवजो व माय. पोर लाजाळू शे, अशी म्हणतीन लोक. लगीन व्हई गये का मंग जिंदगीभर वर देख." खाली बघून साड्यांना टिकल्या लावायच्या, खाली बघून बाजारात जायचं. खाली बघता बघता रंजनाला माणसं चपलांवरून ओळखू येऊ लागली होती. फक्त कीर्तनात तिची मान वर असायची. सोसायटीच्या विठ्ठल मंदिरात ती महाराजांच्या मागं टाळ धरून उभी राही. समोर बाया बसलेल्या असल्या तरी तेव्हा कोणी तिच्या डोळ्यांकडं बघत नाही, सगळे ऐकत असतात, असं तिला वाटायचं. आणि विठोबाला कसलं आलंय! तोच काळा. त्याला कोणाच्या रंगाचं काय पडलंय!

पांजरापोळातल्या डॉक्टरांनी पंखाला टाके घातले आणि तीन आठवडे सांगितले. लोटूनं धाग्याचे कोन, म्हणजे मोठी रिळं, येतात त्या मोठ्या खोक्याला भोकं पाडली, आपल्या अगाशीच्या कोपऱ्यात सावलीला ठेवलं आणि घारीला आत बसवलं. रोज सकाळी आठनंतर तो वर येई. रंजनाचे कपडेही आता रोज सकाळी आठनंतरच वाळायला लागले.

पहिल्या दिवशी तिनं कठड्यावरून वाटी पुढं केली. "दूध-भाकर आहे. कुस्करून दिलीय."

लोटूनं वाटी बघितली, घारीला बघितलं. "बाई, ही वारकरी नाहीये."

"मग काय खाते?"

त्यानं पाठीमागची काळी पिशवी आणखी मागं लपवली. "तुमच्या घरी माळ आहे ना? तर विचारू नका."

रंजनाच्या घरात सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं. "आणि आत्याबाई? त्याही माळकरी आहेत की. त्यांना ठाऊक आहे?"

"आत्याचे गुडघे दुखतात. ती वर येत नाही." तो थांबला. "देवाला ठाऊक आहे. तो काही बोलला नाही अजून."

असेच दिवस गेले. कठड्याच्या अलीकडं ती, पलीकडं तो, मध्ये चहाची कपबशी. तो गावाकडचं सांगायचा, कारखान्यातलं सांगायचा. चोवीस लूम चालू असताना एक बंद पडला, तर कानाला कसं कळतं ते सांगायचा. ती त्याच्या चपलेकडं बघून उत्तरं द्यायची, आणि तो मुद्दाम चप्पल हलवायचा.

"हलवू नका, मी बोलतेय तिच्याशी."

"तिला विचारा, मालकाकडं कधी बघणार?"

"ती म्हणते, मालकाला घाई फार."

"मालकाला? मालक तर..." आणि तो चहा उगाच ढवळत राहायचा. साखर केव्हाच विरघळलेली असायची.

दुसऱ्या आठवड्यात एकदा दहा वाजले तरी लोटू आला नाही. दिवसपाळीचा कारागीर आजारी, म्हणून त्यालाच थांबवून घेतलं होतं. अकरा वाजले. खोक्यातून घारीची लांबट, थरथरती शीळ येऊ लागली. एक... थोडा वेळ गप्प... पुन्हा एक. रंजना टिकल्या लावत खाली बसली होती. बारा वाजता तिनं सुई ठेवली.

कोंबडीवाल्याच्या दुकानात ती जन्मात पहिल्यांदा उभी राहिली. "घारीसाठी," ती म्हणाली. "समडी माटे?" असं विचारून तो गुजराती बोलणारा पोऱ्या तिच्याकडं बघतच राहिला, आणि त्यानं चार तुकडे जास्तच घातले. वर येऊन तिनं कठडा ओलांडला, डोळे मिटले, विठ्ठलाचं नाव घेतलं आणि लोखंडी चिमट्यात तुकडा धरून खोक्याचं झाकण उघडलं.

मिटलेल्या डोळ्यांनी चिमटा कुठं जातोय ते कळेना. उघडावेच लागले.

घार तिच्याकडं बघत होती. हातभर अंतरावरून, सरळ, मान न झुकवता. रंजनाही बघत राहिली. तिला वाटलं होतं, आत दोन पिवळे निखारे असतील. तसं काही नव्हतं. ते डोळे गडद होते. चिंचोक्यासारखे, तपकिरी, इतके गडद की सावलीत काळेच वाटावेत. घारीनं तुकडा अलगद ओढून घेतला. पाच तुकडे खाल्ले, सहाव्याला मान फिरवली. पोट भरलं होतं.

लोटू दीड वाजता धापा टाकत वर आला. रंजना आपल्या अगाशीवर उन्हात केस सोडून बसली होती.

"अरे, हिनं खाल्लंय! कोणी घातलं?"

"विठोबानं."

"विठोबाच्या केसांतून पाणी गळतंय."

"मग? आंघोळ नको करायला?" ती म्हणाली, आणि मग एकदम, "हिचे डोळे घारे नाहीत."

"नाहीतच. पहिल्या दिवसापासून काळे आहेत."

"मग मला का घारी म्हणतात?"

"तुम्हाला घारी म्हणतात?" लोटूनं विचारलं. त्याच्या आवाजात नुसतं आश्चर्य होतं. "मला काय माहीत! मी कधी पाहिले तुमचे डोळे?"

त्या दिवशी तिला हसूही आलं नाही आणि रडूही. ती दोरीवरचे कपडे न काढताच खाली गेली.

तिसऱ्या आठवड्यात मंदिरात सप्ताह बसला. कीर्तनकार होते जळगावकडचे धुडकू महाराज. पंचाहत्तरीचे, बुटके, आवाज मात्र पखवाजावर मात करणारा. कीर्तन सहा ते आठ. आठला पाळी बदलते, म्हणून सुरतेत देवालाही भोंग्याप्रमाणं वेळ पाळावी लागते. सप्ताहाच्या पहिल्याच दिवशी धुरपदाबाई, म्हणजे लोटूची आत्या, पदर खोचून सरलाबाईंकडं आली. जुळवाजुळव करायची तिला हौस होती आणि हातगुणही होता.

"अमळनेरचं स्थळ आहे. पोरगा मास्तर. काल्याच्या दिवशी येतात पाहायला, प्रसाद घेऊन लगेच कार्यक्रम. आमचा लोटू जाईल स्टेशनवर आणायला."

"डोळ्यांचं सांगितलं का?" सरलाबाईंनी हळूच विचारलं.

"विचारलं तर सांगू. आपण कशाला टोक काढून द्यायचं?"

दुसऱ्या दिवशी कठड्यावर कपबशी होती, पण थट्टा नव्हती.

"आणायला तुम्ही जाणार म्हणे," रंजना चपलेला म्हणाली.

"आत्यानं सांगितलंय."

"आत्यानं सांगितलं म्हणून जाणार?"

त्यानं कपबशी उचलली. "मास्तर आहे म्हणतात. बारा तास उभं राहायला लागत नाही त्याला... बरंच आहे." आणि त्या दिवशी प्रथमच चहा अर्धा टाकून तो आत गेला. खालची चप्पल हलली नाही, बोलली नाही. ती नुसती निघून गेली.

सप्ताहाच्या पाचव्या दिवशी महाराजांनी दानशूर राजाचं आख्यान लावलं. ससाण्यानं पाठलाग केलेलं कबूतर राजाच्या मांडीवर येऊन पडतं, तीच जुनी कथा. काय रंगली! कबुतराचं थरथरणं महाराजांनी उपरण्याच्या टोकानं दाखवलं, बायांनी डोळ्यांना पदर लावले. रंजना मागं टाळ वाजवत देहभान विसरली होती. मग महाराज ससाण्याकडं वळले.

"आणि पाठीमागून कोण आला? हिंस्र! शिकारी पाखरू! चोच कशी? वाकडी! नखं कशी? अणकुचीदार! आणि डोळे, माउली, डोळे कसे?" त्यांनी एक हात कानावर नेला. "घारे! अन् घाऱ्या डोळ्यावर भरवसा...?"

"ठेवू नये!" मंडप हसत ओरडला.

बायांच्या बाजूनं पाच-सात माना वळल्या. वाईट हेतूनं नसेल, सहजच. पण वळल्या, आणि रंजनाकडं बघून परत फिरल्या. तिचा टाळ एका ठोक्याला चुकला. मग दुसऱ्या. मग तिनं तो खाली ठेवला आणि मान खाली घातली. साऱ्या सुरतेत मान वर करायला एवढी एकच जागा होती, तीही गेली.

कीर्तन संपल्यावर लोक पाया पडायला रांगेनं उभे राहिले. रंजना खांबाआड उभी होती. तिला ती लेसनं बांधलेली चप्पल मंडपाबाहेर काढलेली दिसली, म्हणून तिनं पुढं पाहिलं. लोटू महाराजांच्या पायावर डोकं ठेवून उठला, पण बाजूला झाला नाही.

"महाराज, एक विचारू का?"

"विचार ना, बाळा."

"तुम्ही घार जवळून पाहिलीय का?"

"ए, चल पुढं! पाळीची वेळ झालीय," मागून कोणी म्हणालं.

"थांबा रे," महाराज म्हणाले. "जवळून... नाही बुवा. वरच पाहिलीय. आभाळात."

"मग उद्या सकाळी आमच्याकडं चहाला या. साडेआठला. चौदा पायऱ्या आहेत, मी हात धरीन."

सकाळी महाराज खरंच आले. हात न धरता चढले. रंजना आपल्या बाजूला ओल्या कपड्यांआड उभी होती. तिला वाटत होतं, हा माणूस आता भांडणार. लोटू भांडला नाही. त्यानं खोक्याचं झाकण काढलं आणि बाजूला झाला.

महाराज वाकले. चष्मा वर केला, खाली केला. घारीनं त्यांच्याकडं सरळ पाहिलं.

"अरे... काळे की रे हे! गडद. चिंचोक्यागत." ते तसेच बघत राहिले. "आणि ही काय खाते?"

"कोंबडी, महाराज. पाच तुकडे. सहावा दिला तर घेत नाही."

"सहावा घेत नाही?"

"नाही."

महाराज उठले. त्यांचं लक्ष कपड्यांकडं गेलं. "तिथं कोण आहे? बन्सीलालची रंजना का? टाळ तू धरतेस ना? काल मध्येच ठेवलास. मला वाटलं, हात दुखला. इकडं ये बाय. वर बघ."

रंजनानं आधी त्यांच्या पायांकडं पाहिलं. मग सावकाश मान वर केली. सकाळचं ऊन थेट तोंडावर होतं. महाराजांनी दोन्ही हात जोडले आणि चहा न घेता खाली गेले. त्यांच्यामागं लोटू उभा होता. तो बघतच राहिला होता आणि झाकण त्याच्या हातातच राहून उघड्या खोक्यातून घार अर्धी बाहेर आली तरी त्याला पत्ता नव्हता.

"घार..." रंजना म्हणाली.

"हो," तो म्हणाला, आणि तरी बघतच राहिला.

त्या संध्याकाळी महाराजांनी वीणेकऱ्याला थांबवलं. "आज नवं आख्यान नाही. कालचंच दुरुस्त करायचंय. काल मी चुकलो, माउली."

मंडपातल्या माना वर झाल्या.

"मी म्हणालो, घारे डोळे शिकारी पाखराचे. आज सकाळी घार पाहिली, इथून तिथं एवढ्या अंतरावर. तिचे डोळे घारे नाहीत. शब्द कुठून आला ते पंडितांना विचारा, मी आपला शेतकरी माणूस. मी एवढंच जाणतो, की पंचाहत्तर वर्षांत पाहिलं नाही आणि तरी बोललो. दुसरं. मी ससाण्याला हिंस्र म्हणालो आणि तुम्ही हसलात. हिंस्र म्हणजे कोण? जो पोटासाठी मारतो तो. तसं म्हणा, खुशाल म्हणा. पण पोट भरलं की तो थांबतो. सहावा घास घेत नाही! आणि आपण? दोऱ्याला काच पाजतो, आभाळात सोडतो, गंमत म्हणून. घारीचा पंख कापला कोणी? पारव्यानं?"

कोणी हसलं नाही.

"आणि राजानं काय केलं? ससाण्याला शिव्या दिल्या? हाकललं? नाही. तराजू मागवला, आपल्या मांडीचं मांस कापून तोललं! म्हणाला, याचंही पोट आहे, यालाही माझ्या राज्यात घास पाहिजे. ही कथा मी चाळीस वर्षं सांगतोय, आणि आज मला कळली. टाळ उचल, बाय."

शेवटचं वाक्य ते मागं वळून म्हणाले. रंजनानं टाळ उचलला. मान वर होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ठोका एकही चुकला नाही.

काल्याच्या दिवशी अमळनेरची मंडळी आली. लोटूनं त्यांना स्टेशनवरून आणलं, पिशव्या उचलल्या, पाणी दिलं आणि तो ओट्यावर जाऊन बसला. आत पाटावर रंजना पोह्यांची ताटली घेऊन आली. दारात सरलाबाईंनी कानात पुन्हा एकदा सांगितलं होतं, "डोया खाले."

चपला नव्हत्या समोर, मोजे होते. मास्तरांचे पांढरे मोजे. चांगले, स्वच्छ मोजे. रंजनाला वाटलं, हे मोजे आपण आयुष्यभर बघणार. यांनी होकार दिला तर तो मान खाली घातलेल्या कोणा भलतीला दिलेला असेल, आणि मग एक दिवस मान वर केली की फसवलं म्हणतील. ते खरंच म्हणतील.

"नाव काय, बेटा?" मास्तरांच्या आईनं विचारलं.

रंजनानं मान वर केली. "रंजना. आणि मावशी, माझे डोळे घारे आहेत. आधीच बघून घ्या, मागनं नको."

सरलाबाईंच्या हातातला चमचा खाली पडला. मास्तरांची आई वाकून बघू लागली. "हो व माय... घारी शे का ही?" मास्तर काहीतरी बोलायला गेले. आईनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पोहे संपले. चहा झाला. "घरी जाऊन कळवतो," म्हणाले. त्याचा अर्थ डिंडोलीपासून अमळनेरपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतो.

मंडळी गेल्यावर सरलाबाई भिंतीला टेकून बसल्या. "एवढीसी गोट तुनाघाई नही व्हयनी? तिसरं स्थळ गये! आते कोण करी तुले?"

बन्सीलाल यांनी माळेवरून हात फिरवला. "खोटं बोलली नाही पोर. उगा बोलू नको तिला."

"पण करील कोण?"

धुरपदाबाई उंबऱ्यावर गुडघे चोळत बसली होती. तिनं ओट्याकडं पाहिलं. लोटू मंडळींना सोडायला गेलेला नव्हता, तो तिथंच उभा होता आणि त्याचं हसू काही केल्या आवरत नव्हतं.

"का रे मेल्या, तुझे कुठं दात निघाले? आणलेलं स्थळ मोडलं आन् तू हसतोस?" मग ती थांबली. तिच्या तोंडाचा आ झाला. "सरले... तीन आठवडे झाले, हा रात्रपाळी करून झोपत नाही. अगाशीवर जाऊन बसतो. मला वाटलं, घारीसाठी!"

रंजना उठून जिन्याकडं गेली. तिला कोणी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घारीला सोडायचं होतं. पांजरापोळातून होकार आला होता. लोटूनं खोका कठड्यावर ठेवला आणि झाकणावर हात ठेवून तो उभा राहिला, उघडेना.

"सोडा की," रंजना म्हणाली.

"सोडतो. आधी एक सांगायचंय." त्यानं खिशातून घडी घातलेली एक लांब पट्टी काढली. रंगवलेल्या कापडाचे छोटे-छोटे चौकोन चिकटवलेलं शेड कार्ड होतं. "सेठकडून मागून घेतलं. परवा तुमचे... तुझे डोळे पाहिले ना, तर पाळीवर रात्रभर जुळवत होतो. एकशेवीस शेड आहेत. बदामी पाहिला, मेंदी पाहिला, चहा-पत्ती म्हणून एक आहे, तोही पाहिला."

"मग?"

"नाही यात. सुरतेत बनत नाही हा रंग."

रंजनाला हसू आवरेना. "एवढं सांगायला तीन आठवडे? आणि त्या लोकांना आणायला खुशाल स्टेशनवर गेलात! मी हो म्हटलं असतं तर?"

"ओढायचं नाही ना..." तो म्हणाला. "तुझ्या मनात काय आहे, ते कळत नव्हतं. टोक शोधत होतो."

"सापडलं?"

त्यानं झाकण उघडलं. घार क्षणभर काठावर बसली, तिनं त्या गडद डोळ्यांनी दोघांकडं सरळ पाहिलं आणि पंख पसरले. एक झोका खाली, मग वर. पलीकडच्या अगाशीवरच्या गुजराती बाया घारीकडं बोट करून ओरडल्या, "जो, जो, समडी!" साऱ्या गल्लीनं वर पाहिलं. मंदिराच्या ओट्यावर सामान बांधत बसलेल्या महाराजांनीही पाहिलं, कपाळावर हात धरून.

रंजनानं एक गिरकी पाहिली आणि मग ती लोटूकडं वळली. आता मान वर, डोळे त्याच्या डोळ्यांवर, एकटक.

"विचारलं मी काहीतरी. टोक सापडलं का?"

लोटूचे कान लाल झाले. "सापडलं म्हणजे... आत्या आज संध्याकाळी तुमच्याकडं येतेय. नारळ घेऊन. म्हणजे, तू हो म्हणणार असशील तर... नाहीतर ती नुसती बसायला आली, असं समज..."

त्याची मान खाली गेली होती. तो तिच्या पायांकडं बघत होता.

रंजना कठड्यावर ओणवी झाली.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही माझ्याशी बोलताय, की माझ्या चपलेशी?"